शाळेच्या समितीतली जागा रिकामी सोडू नका



खेडा खरेदीचा काटा गावात लागला की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. व्यापाऱ्याने क्विंटलमागे किलोभर कट्टी धरली तरी आवाज चढतो. चढलाच पाहिजे. पण त्याच गावात, काट्यापासून हाकेच्या अंतरावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत आपल्या नावाने ठराव होतात, पैसे खर्च होतात, तांदूळ शिजतो, आणि तिथे आपण फिरकत नाही. किलोभर कापसासाठी भांडणारा शेतकरी पोराच्या आठ वर्षांसाठी का भांडत नाही?

दुसऱ्याला बोलण्याआधी स्वतःचे सांगतो. मी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीचा दोन वर्षे सदस्य होतो. कसा झालो ते मला आजही नीट माहीत नाही. कोणीतरी नाव सुचवले, कोणीतरी लिहून घेतले. डिसेंबरात वेचणी जोरात असताना गुरुजी मोटारसायकलवर बांधापर्यंत आले. वही उघडली. "तात्या, इथे सही करा." मी धोतराला हात पुसून सही केली. मागच्या दोन महिन्यांच्याही केल्या. सभा झालीच नव्हती. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

त्याच हंगामात कापूस विकला. ७ क्विंटल ४० किलो, भाव ७,००० रुपये. पट्टीवर रक्कम लिहिली होती ५१,०८०. मी ती सहावीतल्या पोराच्या हातात दिली. त्याने बराच वेळ बोटे मोडली आणि पट्टी परत दिली. संध्याकाळी शेजाऱ्याने मोबाईलवर हिशोब मांडला तेव्हा कळले, ५१,८०० हवे होते. ७२० रुपये कमी. व्यापाऱ्याने मुद्दाम केले की चुकून, ते तोच जाणे. पण पोराला गुणाकार येत नाही हे मला सहाव्या वर्षी कळावे, आणि तोवर मी त्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या समितीत बसलेला असावा, ही चूक कोणाची? मास्तरची असेल, सरकारची असेल. पण वहीवर सही माझी होती.

ही खुर्ची कोणाची?

२००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात चारात तीन सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. महाराष्ट्रात ही समिती १२ ते १६ जणांची असते. पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे, अध्यक्ष पालकच, मुख्याध्यापक सचिव. दर महिन्याला सभा, दर दोन वर्षांनी नवी निवड. शाळेचे काम नीट चालते का ते पाहणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेला पैसा कुठे गेला ते तपासणे ही तिची कामे.

या समितीला नसलेली ताकद चिकटवू नका. अमेरिकेत शाळा मंडळाच्या जागेसाठी लोक रीतसर निवडणूक लढवतात. तिथली पुष्कळ मंडळे शाळेसाठी कर बसवतात आणि वरचा अधिकारी नेमतात. आपल्या समितीला मास्तर नेमता येत नाही, बदलता येत नाही, एक पैसाही कर बसवता येत नाही. पण शाळेच्या बँक खात्यावर मुख्याध्यापकाच्या जोडीला समितीच्या अध्यक्षाची सही लागते. ती सही सालभर विचार करून करायची की बांधावर हात पुसून करायची, एवढाच प्रश्न आहे.

आणि ही कोणी दिलेली भीक नव्हे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे लेखी मांडले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या थरांच्या पोरांवर होतो. लोकल फंडाचा निम्मा भाग तरी गावच्या प्राथमिक शिक्षणाला द्या. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. म्हणून जुनी माणसे जिल्हा परिषदेच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणायची. १९६२ पासून तो जिल्हा परिषदांकडे गेला. बोर्डात आणि परिषदेत कोण बसले, ते आपण पाहिलेच आहे. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. २०२३ गेले, २०२४ गेले. जिल्ह्याच्या शिक्षणाचा जाब विचारायला लोकांनी निवडलेला एकही सदस्य तिथे नव्हता. त्या काळातही गावची शाळा समिती कायद्याने जागेवरच होती. वरची दारे बंद असताना हे एक दार उघडे होते. किती गावे त्या दारातून आत गेली?

तीन सबबी

पहिली सबब: "आमले काय समजस त्यामा?" भावांनो, बोंडात अळी आहे की नाही हे बोंड न फोडता सांगणारा माणूस तिसरीच्या पोराला दुसरीचा धडा वाचायला लावू शकत नाही? स्वतःला वाचता येत नसेल तर पोरगं अडखळते का, एवढे तर कानाला कळते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली पुस्तक झाले. निरक्षर बाईला काय कळते, असे निदान खानदेशात तरी कोणी म्हणू नये.

दुसरी सबब: "बायांना कुठे सभेला बसवता?" याच जळगाव जिल्ह्यात विटनेर गावाने १९८९ साली सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून दिली. पंचायतीतल्या बायांच्या आरक्षणाची घटनादुरुस्ती त्यानंतर, १९९३ साली लागू झाली. जे विटनेरला कायद्याशिवाय जमले ते आपल्याला कायदा हातात असताना जमू नये? शाळेच्या समितीत निम्म्या बाया आजही असतात, पण कागदावर. सही बाईची, खुर्ची नवऱ्याची. दुपारचा भात शिजला की करपला, मुलींच्या संडासाला कडी आहे की नाही, हे बापाला चार महिन्यांनी कळते. आईला त्याच संध्याकाळी कळते.

तिसरी सबब आपल्यातल्या कार्यकर्त्यांची आहे. "आधी भाव, मग बाकी सगळे. भाव मिळाला की शाळा आपोआप सुधारेल." मीही हे म्हणत होतो. भावाची लढाई सोडा असे मी आजही म्हणत नाही. पण ज्या साली भाव बरा मिळाला त्या साली आपण काय केले? पोरगं गाडीत बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडले आणि कापसाची पट्टी फीच्या पावतीत जिरवली. गावच्या शाळेचा पट एकाने कमी झाला. ज्याच्याकडे फी नव्हती त्या सालदाराचे पोर तिथेच राहिले.

पट पडला की कुलूप

हे कुलूप नुसती भीती नाही. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने पट दहाच्या आत असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलवायचे ठरवले. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले, आणि नमुना म्हणून आपल्याच शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ दाखवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांच्या वर होत्या. कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. साक्रीच्या डोंगरकपारीतली नाहीतर पारोळ्याच्या माळावरची सहा वर्षांची पोर नाला ओलांडून दुसऱ्या गावी जाईल का? जाणार नाही. ती आईबरोबर वेचणीला जाईल. तेव्हा फाईलवर समितीचा ठराव असेल तर साहेबाला त्याचे उत्तर तरी द्यावे लागेल. ठरावाच्या जागी सही केलेले कोरे पान असेल, तर त्या पानावर काहीही लिहिता येते.

मग करायचे काय?

पुढच्या पालकसभेला जा आणि स्वतःचे नाव स्वतः पुढे करा. नाव पुढे करण्यात लाज नाही, पाडापाडीच्या राजकारणाचीही गरज नाही. पुढाऱ्याने खिशातून यादी काढली तर एवढेच विचारा : यातल्या कोणाची पोरं या शाळेत आहेत? आत गेल्यावर ही कामे करा :

१. सभा संध्याकाळी ठेवायला लावा, बाजाराचा दिवस सोडून. सही सभेतच. बांधावर वही आली तर परत पाठवा.

२. तांदूळ मोजा. पहिली ते पाचवीला पोरामागे रोज १०० ग्रॅम. हजर ४५ असतील तर साडेचार किलो; वहीत सहा किलो असेल तर दीड किलोचा हिशोब मागा. आणि दादर पिकवणाऱ्या गावात पोरांच्या ताटात रोज भातच का, हेही विचारा.

३. पासबुक बघा. समग्र शिक्षा योजनेच्या नियमाने ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान ठरले आहे. किती आले, कशावर गेले?

४. विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर व्हायला हवा. नेमकी तेव्हाच आपली वेचणी. म्हणून दिवाळीच्या आधीच बसा.

५. ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हा कायदा आहे. एकच असेल तर दर महिन्याला ठराव करा आणि पोच घ्या.

६. दर तीन महिन्यांनी प्रत्येक वर्गातल्या पोरांना सगळ्यांसमोर एक धडा वाचायला आणि एक गुणाकार करायला लावा. नापास करायला नव्हे, आपले डोळे उघडायला.

एक ध्यानात ठेवा. मास्तर आपला दुश्मन नाही. कायद्याच्या २७ व्या कलमाने त्याला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामे सांगता येतात. बाकीची कागदे भरण्यात त्याचे तास जात असतील तर समितीने त्याच्या बाजूने लिहावे. शिकवणाऱ्या मास्तरला समितीचा आधार वाटला पाहिजे. वचक वाटायचाच असेल तर न शिकवणाऱ्याला वाटो.

माझी दोन वर्षे फुकट गेली. पोर आता पुढच्या शाळेत गेले, तिथे जे कच्चे राहिले ते पक्के करायला मी फी भरतो. मला ती जागा आता मिळणार नाही, कारण माझे मूल त्या शाळेत नाही. तुमचे असेल तर तुमची आहे. जिल्हा मेळाव्याहून घरी गेल्यावर शाळेत जा, समितीची वही मागा आणि आपल्या नावापुढची सही कोणाची आहे ते बघा.

— एक कोरडवाहू कापूस उत्पादक, तालुका पारोळा