आधी दारावरची चिठ्ठी वाचा

संपादक महोदय,


‘ट्रेलर ओढायचा तर सर्वांत दांडग्या इंजिनाचा पिकअप घ्या’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला अमेरिकेत नव्याने कॅम्पिंगचा ट्रेलर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना धोक्यात घालू शकतो, म्हणून हे पत्र.

आजच्या पिकअपमध्ये इंजिन सहसा कमी पडत नाही. आधी संपते ती भार पेलण्याची क्षमता. ट्रेलरच्या वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के भार थेट हुकावर येतो. ट्रेलर 7,000 पौंडांचा असेल, तर हा भार 700 ते 1,050 पौंड होतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत माणसे आणि सामान मिळून 1,500 पौंडांची मर्यादा असेल, तर चौघांसाठी आणि सामानासाठी कधीकधी जेमतेम 450 पौंड उरतात. मग जाहिरातीतला ओढण्याचा मोठा आकडा काय कामाचा? सनरूफसारख्या चैनीच्या सोयींचे वजनही याच मर्यादेतून वजा होते. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या असतात.

गाडीच्या विश्वासार्हतेचेही तसेच: तीही नुसत्या इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. लांब चढावर ट्रेलर ओढताना गिअरबॉक्सचे तेल तापते आणि तिथेच गाडीचे आयुष्य घटते. जुनी गाडी घेताना तेलबदलाच्या नोंदी मागा, तेल थंड ठेवणारा कूलर आहे का ते पाहा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर तपासा.

भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर तोलून घ्या आणि मगच गाडी निवडा. घाटउतारावर मागे आपलीच मुले बसलेली असतात.

आपला,
एक वाचक, डेन्व्हर