अंगणात गवा, रस्त्यावर गर्दी

९ डिसेंबर २०२० ची सकाळ. कोथरूडच्या महात्मा सोसायटी परिसरात फिरायला निघालेल्या लोकांना एक रानगवा दिसला. बातमी मोबाइलवरून पसरली आणि बघता बघता बघ्यांची गर्दी जमली. बिथरलेला गवा गल्लीबोळांतून, कुंपणे ओलांडत धावत राहिला, जखमी झाला. काही तासांनी त्याला भुलीचे इंजेक्शन देऊन पकडण्यात आले, पण थोड्याच वेळात तो मरण पावला. शहर हळहळले. समाजमाध्यमांवर गव्याची माफी मागणारे संदेश फिरले.

अशा वेळी दोष सहसा भुलीच्या औषधाला दिला जातो. खरे कारण बहुधा त्याआधीच्या धावपळीत असते. पाठलाग सुरू झाला की प्राण्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन उसळते, हृदय जोरात धडधडते, शरीर तापते. स्नायूंना ऑक्सिजन कमी पडतो, लॅक्टिक आम्ल साचते आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यातून बाहेर पडणारे पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते, तर मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडे निकामी करते. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. यात प्राणी जागीच मरू शकतो किंवा सुटका झाल्यानंतर काही दिवसांनीही दगावू शकतो. शिवाय बिथरलेल्या प्राण्यावर भुलीचे औषध नीट चालत नाही, मात्रा वाढवावी लागते आणि धोकाही वाढतो. थोडक्यात, गर्दी नुसती बघत नसते. तिचा परिणाम थेट प्राण्याच्या रक्तात उतरतो.

याच महिन्यात, २२ डिसेंबरला, बावधनजवळ आणखी एक गवा आला. कोथरूडचा धडा ताजा होता. लोकांना लांब ठेवले गेले, गव्याला वाट मोकळी मिळाली आणि तो रानाकडे परतला. प्राणी त्याच जातीचा होता, शहरही तेच. फरक होता तो माणसांच्या वागण्याचा.

म्हणूनच वन्यप्राणी वस्तीत शिरला की पहिले काम ‘प्राणी पकडा’ हे नसून ‘गर्दी हटवा’ हे असायला हवे. पूर, आग यांसाठी जशी ठरलेली कार्यपद्धती असते, तशी यासाठीही हवी. रस्ता अडवायचा कोणी, ध्वनिक्षेपकावरून सूचना द्यायच्या कोणी, चित्रीकरण थांबवायचे कोणी, हे वनविभाग, पोलिस आणि महापालिका यांनी आधीच ठरवलेले असावे. वनकर्मचारी कितीही निष्णात असला, तरी हजार मोबाइलच्या गराड्यात त्याचे काही चालत नाही.

दुसरा प्रश्न प्राणी येतो कशाला, हा. गवा बहुधा वाट चुकून येतो, पण बिबट्या येतो तो खाण्यासाठी. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्री जगतात उघड्यावरच्या कचऱ्यावर. म्हणजे सोसायटीच्या फाटकाबाहेर फेकलेले शिळे अन्न हे बिबट्याला दिलेले आमंत्रणच. अमेरिकेत हाच खेळ अस्वलांचा चालतो. कोलोरॅडोतील ड्युरँगो शहरात अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेट्या वाटल्या, तेव्हा त्या भागांत कचऱ्यावरून होणारे संघर्ष ६० टक्क्यांनी कमी राहिले. तेथे बंदूक लागली नाही, नीट बसणारे झाकण पुरले.

‘पकडा आणि लांब सोडून या’ ही मागणी सर्वांत लोकप्रिय असते. ती किती महाग पडते, हे पुणे जिल्ह्यानेच पाहिले आहे. जुन्नर परिसरात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूर सोडण्यात आले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते नंतर १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्याचा ताण सोसलेला बिबट्या तेथे गुण्यागोविंदाने नांदत नाही. आणि मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

यावर शिरूर-जुन्नरचा शेतकरी विचारेल, शहरात बसून सहजीवनाचे धडे देणे सोपे आहे, आमच्या पोरांचे काय? प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन जणांचा बळी गेला, त्यांत दोन लहान मुले होती. अखेर बिबट्याला गोळी घालावी लागली. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणारा प्राणी हटवलाच पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. पण हल्लेखोर प्राणी आणि रात्री अंगणातून गुपचूप निघून जाणारा प्राणी यांना एकाच मापाने मोजले, तर साधने भलतीकडे खर्ची पडतात आणि खरा धोका तसाच राहतो.

डोंगराला लागून असलेल्या सोसायट्यांना करण्यासारखे बरेच आहे. कचरा झाकणबंद ठेवावा, आवारात उजेड असावा, झुडपे वाढू देऊ नयेत. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये, पाळीव कुत्रा रात्री घरात घ्यावा. प्राणी दिसलाच तर दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, त्याची परतीची वाट अडवू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वॉचमनला हा क्रमांक पाठ असावा. ठावठिकाणा मात्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये, कारण तोच संदेश पुढे गर्दी घेऊन येतो.

पुणे टेकड्यांच्या अंगाखांद्यावर वाढत आहे, तेव्हा असे पाहुणे येतच राहणार. कोथरूडच्या गव्याची माफी मागून झाली. पुढच्या वेळी गर्दीतला प्रत्येक जण घरी थांबला, तरच त्या माफीला अर्थ उरेल.