तलवारपट आणि इतिहासाची शपथ

तलवारी, दुर्ग, घोडे आणि रणगर्जना यांनीं भरलेल्या चित्रपटांविषयीं आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन पक्ष आढळतात. सुशिक्षित वडीलधाऱ्यांचा पक्ष अशा चित्रांस पोरखेळ समजतो आणि नाक मुरडून मोकळा होतो. दुसरा पक्ष म्हणतो, "मुलांना शौर्य दिसतें, पूर्वजांचा अभिमान वाटतो, मग दोष कसले काढतां?" आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच अमान्य आहेत. पहिल्याला अद्भुताची किंमत कळत नाहीं, दुसऱ्याला इतिहासाची.

पहिल्या पक्षाचें म्हणणें आधीं घेऊं. परळास लवजी कॅसल या जुन्या वास्तूंत वाडिया बंधूंचें वाडिया मूव्हीटोन होतें. पुढें १९४२ सालीं त्याच जागीं शांतारामबापूंचें राजकमल उभें राहिलें. वाडियांचा 'हंटरवाली' १९३५ सालचा. ऑस्ट्रेलियांत जन्मलेली नाडिया त्यांत मुखवटा चढवून, हातीं चाबूक घेऊन दुष्ट प्रधानाचा समाचार घेते. पुढच्याच वर्षीं 'मिस फ्रंटियर मेल'मध्यें ती आगगाडीच्या टपावर लढली. 'हंटरवाली'चें राज्य कोणतें, साल कोणतें, हें कोणी विचारलें नाहीं, आणि निर्मात्यानेंही तें सांगण्याचा आव आणला नाहीं. परंतु टपावर दिसणारी बाई खरोखरच टपावर उभी होती. कथा खोटी आणि उडी खरी, असा तो सरळ व्यवहार होता. ज्या काळीं पडद्यावरील स्त्रीनें मुख्यतः अश्रू ढाळावे अशी अपेक्षा असे, त्या काळीं या खोट्या कथेनें बाईचें मनगटही चालतें ही एक खरी गोष्ट सांगितली. तिला पोरखेळ म्हणणाऱ्यांनीं तिच्या बरोबरीच्या किती गंभीर सामाजिक चित्रांनीं तेवढें सांगितलें तें दाखवावें.

याहून वरचें उदाहरण प्रभातच्या 'अमर ज्योति'चें. १९३६ सालच्या या चित्रांत गिरगांवांत वाढलेल्या दुर्गा खोटे यांनीं सौदामिनी ही समुद्रलुटारूंची नायिका उभी केली. युरोपच्या उत्तरेकडील व्हायकिंग दर्यावर्द्यांच्या चित्रांत जें असतें, म्हणजे गलबतें, चढाई, सूडाची प्रतिज्ञा, तें सगळें येथें आहे. पण सौदामिनी दर्यावर कां गेली? दरबारानें तिच्या पोटच्या मुलावरील तिचा हक्क नाकारला म्हणून. घराघरांत दबलेला प्रश्न येथें गलबतावर चढून गर्जना करतो. अद्भुताचें सामर्थ्य हेंच कीं, उघड बोलतां येत नाहीं तें तें दूरदेशीं नेऊन बोलतें.

अद्भुताचा एक धोकाही सांगितला पाहिजे. व्हायकिंग म्हटलें कीं शिंगांचें शिरस्त्राण जगाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तीं शिंगें त्या वीरांनीं लढाईंत घातल्याचा पुरावा नाहीं. १९४३ सालीं नॉर्वेंत सांपडलेलें त्या काळचें शिरस्त्राण बिनशिंगांचें आहे. शिंगें लोकप्रिय झालीं तीं १८७६ सालीं बायरॉयट येथें वाग्नरच्या संगीतनाटकांसाठीं डोप्लर नांवाच्या वेशकारानें काढलेल्या पोषाखांमुळें. डोप्लरनें इतिहासाची शपथ घेतली नव्हती. तो दैवतकथा सजवीत होता. तरी दीडशें वर्षें लोटलीं आणि शिंगें गळून पडलीं नाहींत. शपथ न घेतां हें होतें, तर शपथ घेऊन काय होईल?

येथेंच दुसऱ्या पक्षाशीं आमचें भांडण सुरू होतें. आजच्या शिवकालीन चित्रांचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. साठ मावळ्यांनिशीं पन्हाळा घेणाऱ्या कोंडाजी फर्जंदाचें नांव 'फर्जंद'नें (२०१८) घरोघर पोंचविलें, हें पुण्यकर्मच होय. पण 'तान्हाजी' (२०२०) पाहा. उदेभान कोंढाण्यावर 'नागीण' नांवाची प्रचंड तोफ आणतो आणि तिचें तोंड राजगडाकडे वळवतो. सभासदाच्या बखरींत अशी तोफ नाहीं. तेथें मावळे रात्रीं कडा चढून जातात. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाहीं, तेव्हां तो डाव्या हाताचीच ढाल करतो. तो आणि उदेभान दोघेही पडतात. सूर्याजी लोकांस सांवरून गड घेतो. आणि पागेस लावलेली आग महाराज राजगडावरून पाहतात. तुटलेल्या ढालीपेक्षां नागीण अधिक नाट्यमय ज्याला वाटली, त्याच्या रसिकतेविषयींच आम्हांस शंका आहे. आणि उड्या? त्या संगणकानें मारल्या. परळचा जुना व्यवहार येथें उलटा झाला: कथेवर खरेपणाचा शिक्का, आणि उडी मात्र खोटी.

कोणी म्हणेल, तुळशीदास शाहिरानेंही पोवाड्यांत घोरपड आणली, ती तरी सभासदांत कोठें आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु शाहीर डफ हातीं घेऊन उभा राही. तो गातो आहे हें श्रोत्यांस दिसे. कोट्यवधि रुपये खर्चून उभारलेला पडदा डफ लपवितो. सत्य घटनांचा हवाला मोठ्या अक्षरांत येतो, आणि कल्पनेची कबुली बारीक अक्षरांत येऊन वाचण्यापूर्वींच निघून जाते.

याचे परिणाम काल्पनिक नाहींत. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून काढलेला 'छावा' २०२५ च्या फेब्रुवारींत लागला. मूळ कादंबरी, तरी पडद्यावर बुऱ्हाणपूरची लूट पाहून लोकांनीं असीरगडाजवळचीं शेतें रात्रीं विजेऱ्या घेऊन सोन्यासाठीं खणलीं! शिर्के घराण्याच्या वंशजांनीं चित्रणास हरकत घेतली आणि दिग्दर्शकास दिलगिरी व्यक्त करावी लागली. मार्चमध्यें नागपुरांत दंगल उसळली, तेव्हां या चित्रानें औरंगजेबाविरुद्धच्या भावना प्रज्वलित केल्याचें खुद्द मुख्यमंत्र्यांनीं विधानसभेंत सांगितलें. दंगलीचीं कारणें अनेक असतात; तीं सारीं एका चित्रपटाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु जें चित्र लोकांच्या हातीं कुदळ देऊं शकतें, त्यास 'केवळ करमणूक' म्हणून सोडून देतां येत नाहीं.

आमची मागणी लहान आहे. अद्भुत हवें तर राज्य, राजा, शत्रु सारे कल्पनेचे घ्या. आम्ही मुलांना घेऊन पहिल्या रांगेंत बसूं. खरीं नांवें घ्याल तर त्यांबरोबर खऱ्या अडचणीही घ्या: रसद, पैसा, भीति, आणि शत्रूची बुद्धि. शत्रु निव्वळ राक्षस केला कीं त्याला जिंकणाऱ्याचें शहाणपण दाखविण्यास जागाच उरत नाहीं.

विषय संपले म्हणावें तर खांदेरीचें बेट मुंबईच्या तोंडाशींच आहे. १६७९ सालीं मायनाक भंडाऱ्याच्या हाताखालीं मराठे तेथें तट बांधूं लागले, तेव्हां मुंबईकर इंग्रजांनीं जहाजें आणून नाकेबंदी केली. इंग्रजांचीं मोठीं जहाजें वाऱ्याच्या मर्जीवर खोळंबत आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांच्या बळावर रात्रीं रसद पोंचवीत. अखेर इंग्रज निघून गेले, बेट मराठ्यांकडे राहिलें. धान्य, दगड, वारा आणि अंधार यांचें हें युद्ध जो कोणी पडद्यावर आणील त्याला नागिणीची गरज पडणार नाहीं. ज्याला नागीणच हवी असेल त्यानें ती खुशाल घ्यावी. फक्त गडाचें नांव स्वतःच्या मनांतलें द्यावें.