डिझेल गाडीचा दोष पंपात शोधण्यापूर्वी

शेतमाल बाजारात नेणाऱ्या जुन्या डिझेल पिकअप गाड्यांविषयी एक तक्रार खेडोपाडी वारंवार ऐकावयास मिळते. गाडी पहाटे लवकर सुरू होत नाही, झाली तर चढावर ओढत नाही, आणि कधी भर रस्त्यात आपोआप बंद पडते. जुन्नर तालुक्यातून वाशीच्या बाजारास निघालेली कोथिंबीर वाटेत दोन-तीन तास अडकून पडली, तर तिच्या भावाची गोष्टच काढावयास नको. अशा प्रसंगी मालक गांगरतो आणि सारा दोष पंपावर टाकून मोकळा होतो. पंप उतरवून शहरात धाडला जातो, चार दिवस गाडी उभी राहते, मोठा खर्च होतो. आणि पंप बसविल्यावर गाडी पुन्हा तशीच बंद पडते.

ही रीत उलटी आहे. इंधनाचा दोष शोधावयाचा तो टाकीपासून पंपाकडे जात शोधावा. कारण साधे आहे. मुख्य पंपातील प्लंजर व त्याची नळी यांमधील अंतर दोन-तीन मायक्रॉन इतकेच, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते. इतके नाजूक काम कारखान्यातच व्हावयाचे. उलट टाकी, गाळणी, रबरी नळ्या, वायसर व फिल्टर ही मंडळी स्वस्त आहेत, उघड्यावर आहेत आणि बिघडतातही तीच अधिक.

त्यांतही फसवी जागा म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी. या नळीत दाब नसतो, ओढ असते. यास्तव तिला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर टपकण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. मिस्त्री ज्याला ‘गाडी एअर घेते’ म्हणतात, त्याचे मूळ पुष्कळदा येथेच असते. जुनी रबरी नळी क्लिपजवळ वाकवून पाहिली असता चिरा दिसतात. तांब्याचे वायसर तर पुन्हा पुन्हा तेच वापरण्याची खोड सर्वत्र आहे. वास्तविक दर वेळी ते नवे घालावयास हवेत.

दोष टाकीकडे आहे की पुढे, हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ डब्यात गाळलेले डिझेल घेऊन तो सायलेन्सरपासून दूर पक्का बसवावा. फीड पंपाकडे जाणारी नळी टाकीपासून सोडवून त्या जागी नवी नळी जोडावी व ती डब्यात सोडावी. परतीची नळीही त्याच डब्यात घ्यावी. मग हवा काढून इंजिन चालवावे. गाडी सुरळीत चालली, तर दोष टाकीत किंवा तिच्या नळीत आहे हे उघड होते आणि पंपाचा खर्च टळतो. काही मैल गेल्यावर बंद पडणाऱ्या गाडीच्या टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातील हवेचे छिद्र चिखलाने बुजले असले, तर तेवढ्यानेच ती चालू लागते.

हवा काढणे हेही अवघड नाही. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावे, फेस थांबून अखंड डिझेल आले की स्क्रू आवळावा, व पुढे मुख्य पंपावरील स्क्रूशी तसेच करावे. गंमत अशी की, विहिरीवरील डिझेल इंजिनाची हवा वर्षानुवर्षे आपल्या हाताने काढणारा शेतकरी पिकअपचे बॉनेट उघडले की गप्प राहतो. इंजिन निराळे असले तरी इंधनाची वाट तीच असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पिकांच्या प्रात्यक्षिकांबरोबर याचेही एक प्रात्यक्षिक गावात घडवून आणावे.

पाण्याविषयी मात्र मालकांनाच बोल लावला पाहिजे. पावसाळ्यात टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली की आत दंव धरते, ते तळाशी साचते व टाकी गंजते. सायंकाळी टाकी भरून ठेवावी, फिल्टरखालचा नळ आठवड्यातून एकदा सोडून पाणी काढावे. पिंपातील सुटे डिझेल फडक्यातून गाळल्याने काडीकचरा जातो, बारीक धूळ जात नाही. आणि स्वस्तात मिळते म्हणून रॉकेल मिसळणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की, पंपाचे वंगण डिझेलच करते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांची गळती हाताने कधीही चाचपू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या व त्यापूर्वीच्याही अनेक गाड्यांत कॉमन रेल पद्धती असते. तिच्या जास्त दाबाच्या नळ्या घरी सोडूच नयेत.

टाकी, नळ्या व फिल्टर निर्दोष ठरूनही इंजिन तापल्यावर सुरू होईनासे झाले, किंवा इंजिन ऑइलात डिझेल उतरून त्याची पातळी वाढू लागली, तर पंप तपासणीस धाडणे रास्त होय. मात्र पंप परत येण्यापूर्वी टाकी उतरवून धुऊन घ्यावी. नाहीतर नवा बसविलेला प्लंजर जुन्याच गंजाने पुन्हा खरवडला जातो.