तिथी ठाऊक असलेला पाहुणा

ज्याच्या आगमनाची तिथी ठाऊक नसते त्याला आपण अतिथी म्हणतो, आणि त्याच्या येण्याने घरचे सारे बेत विस्कटले तरी त्याला दोष देत नाही. काश्मीरच्या खोऱ्यात उतरणारे बर्फ मात्र या अर्थाने अतिथी नव्हे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, त्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि अखेरीस दहा दिवसांचा चिल्लई बच्चा, अशी हिवाळ्याची वाटणी तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवली आहे. आणि या सत्तर दिवसांत केव्हातरी वाट बुजणार, नळातले पाणी गोठणार, उद्याचे काम चार दिवसांवर जाणार, हे तेथील पोरासोरांनाही सांगावे लागत नाही.

आगोटीची बेगमी ज्याने पाहिली आहे, मृग लागण्यापूर्वी लाकूडफाटा, सुकी मासळी आणि आमसुले घरात भरून घेण्याची धांदल ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्या कोकणातल्या माणसाला काश्मिरी गृहिणीची लगबग परकी वाटणार नाही. उन्हाळा सरता सरता ती दुधी, वांगी, टोमॅटो आणि शलगम चिरून उन्हात वाळवते, त्यांच्या माळा ओवून टांगून ठेवते, आणि या ‘होख स्यून’वर पुढे बर्फातल्या कित्येक जेवणवेळा निभावतात. शरदात चिनाराची पाने गळू लागली की ती गोळा करून जाळायची आणि कांगडीसाठी, म्हणजे ऊब देणाऱ्या निखाऱ्यांच्या शेगडीसाठी, त्यांचा कोळसा साठवायचा, तांदळाची पोती आणि सरपण कोरड्या जागी रचायचे, फेरन नावाचे पायघोळ झगे आणि रजया बाहेर काढायच्या, हे सारे ती कोणाच्या हुकमावाचून करते. एवढी दूरदृष्टी ज्या घरात नांदते त्या घराचे नियोजन बर्फाने विस्कटले, तर कसूर घराची खचितच नव्हे.

कारण ज्यांची बेगमी करताच येत नाही अशाही काही गरजा संसारात असतात. मध्यरात्री तापाने फणफणलेले मूल, दिवस भरलेली सून, मुलाखतीसाठी जम्मूला पोहोचलेच पाहिजे असा मुलगा, यांना माळेत ओवून आढ्याला टांगता येत नाही. त्यांना रस्ता लागतो. जम्मू ते श्रीनगर हा सुमारे २७० किलोमीटरचा महामार्ग दीर्घकाळ या खोऱ्याची जीवनवाहिनी आहे. १९५६ साली जवाहर बोगदा खुला झाला, पुढे त्याहून लांब असा बनिहाल–काझीगुंड बोगदा झाला, आणि जून २०२५ मध्ये कटऱ्याहून रेल्वेही श्रीनगरापर्यंत जाऊ लागली. हे उपकार लहान नाहीत. तरीही रामबन ते बनिहाल यांमधील डोंगरउतार पावसाने आणि बर्फाने खचतात, मालमोटारींच्या रांगा खोळंबतात, आणि भाजीपाला व औषधे यांची ने-आण अडली की त्याची झळ अखेर स्वयंपाकघराला लागते. त्या दिवसांत अंगणातली वाट मोकळी करणे, गोठलेला नळ शेकणे, घरी अडकलेल्या सर्वांची भूक भागवणे, या श्रमांचा मोठा वाटा स्त्रीच्या माथी येतो, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

याहून बिकट अवस्था खोऱ्याच्या उत्तरेकडील गुरेझच्या दऱ्यांची. राजदान खिंड बर्फाने मिटली की त्या दऱ्यांतली गावे दीर्घकाळ उर्वरित खोऱ्यापासून तुटतात, आणि हेलिकॉप्टरही आकाश निवळेल तेव्हाच येते. तेथे हिवाळ्यापूर्वी सरकार महिनोन्‌महिने पुरेल इतकी धान्याची रसद पोहोचवून ठेवते. म्हणजे बेगमीची विद्या सरकारला अवगत आहे. मग जी तजवीज तांदळासाठी होते ती माणसासाठी का होऊ नये? खिंड बंद होण्याआधी प्रत्येक गरोदर स्त्रीची आणि दीर्घ आजाऱ्याची यादी करून त्यांना कुटुंबातील एका माणसासह खिंडीअलीकडच्या बांदीपोऱ्यात मुक्कामाची सोय करून देणे, हा कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला अनुग्रह न राहता कायमचा शिरस्ता झाला पाहिजे.

या पाहुण्याची तिथीही आता ढळू लागली आहे, ही चिंतेची बाब आहे. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, सफरचंदाच्या झाडांची पाने झडण्यापूर्वी, जोराचे बर्फ पडले. पानांनी लगडलेल्या फांद्यांवर ओल्या बर्फाचा भार साचून त्या मोडल्या, आणि कित्येक ठिकाणी पुरती वाढलेली झाडे चिरफाळून गेली. सफरचंदाचे झाड नव्याने लावून फळावर येईपर्यंत वर्षानुवर्षे जातात, आणि मुलीचे लग्न, मुलाची फी, घराचे छप्पर हे सारे हिशेब त्या झाडावर टांगलेले असतात. तेव्हा असे एका रात्रीचे बर्फ चार दिवसांचे बेत मोडून थांबत नाही, घराची दहा वर्षे मोडते. उलट जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फावाचून उघडे पडले होते. ऋतूच असा बेभरवशाचा झाला असता केवळ आजीच्या अनुभवावर घर कसे निभावेल? बागांना वेळेवर भरपाई देणारा पीकविमा, रस्ता बंद होण्याची आगाऊ आणि स्पष्ट वर्दी, आणि हमरस्त्याइतक्याच तत्परतेने गल्लीबोळांतले बर्फ काढण्याचा बंदोबस्त, ही सरकारच्या वाट्याची बेगमी होय.

पहिले बर्फ पडते त्या सकाळी काश्मिरी घरात वाळलेल्या दुधीच्या माळा टांगलेल्या असतात आणि कांगडीत निखारा असतो. त्याच सकाळसाठी आपण काय सिद्ध ठेवले आहे, हे प्रत्येक जिल्ह्याच्या कचेरीने ऑक्टोबरातच रयतेपुढे मांडावे. त्या गृहिणीपेक्षा कमी तयारीने हिवाळ्याला सामोरे जाण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.