न्यायाधीशाच्या दारातील विधवा

संत लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला अन्यायी न्यायाधीशाचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी, सामान्यकाळातील एकोणतिसाव्या रविवारी, तो मिस्सामध्ये वाचला गेला. एका नगरातील न्यायाधीशाला ना देवाचे भय होते, ना माणसांची भीड. त्याच नगरातील एक विधवा त्याच्याकडे वारंवार जाऊन न्याय मागत राहिली. बरेच दिवस त्याने तिला दाद दिली नाही. अखेर तिच्या तगाद्याने जेरीस येऊन त्याने तिचा निवाडा केला. न्यायाधीशाच्या तोंडी या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तो मुष्टियुद्धातला आहे. डोळ्याखाली ठोसा मारणे असा त्याचा अर्थ. त्या निराधार स्त्रीच्या चिकाटीचा धाक एवढा होता!

या दाखल्याचा अर्थ आपण बहुधा अपुरा घेतो. मागत राहा, कधी ना कधी देव ऐकेल, एवढाच बोध घेऊन आपण घरी जातो. असे केले की नकळत आपण देवालाच त्या निष्ठुर न्यायाधीशाच्या आसनावर बसवतो. प्रभूचा युक्तिवाद नेमका उलट आहे. असा माणूसही शेवटी न्याय देतो, तर प्रेमळ पिता आपल्या लेकरांची हाक ऐकल्यावाचून राहील काय? म्हणून दाखल्याच्या शेवटी प्रभू वेगळीच चिंता व्यक्त करतो. मनुष्याचा पुत्र परत येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर श्रद्धा आढळेल का, असे तो विचारतो. प्रश्न देवाच्या विश्वासूपणाचा नसून आपल्या टिकून राहण्याचा आहे. ज्या श्रद्धेविषयी प्रभू बोलतो ती त्या विधवेत दिसते. काल नकार मिळाला तरी ती आज पुन्हा त्याच दारात उभी राहते.

ही विधवा आज आपल्या देशात कोठे आहे? आमच्या मते, दलित ख्रिस्ती बांधवांच्या रूपाने ती कित्येक दशके न्यायाच्या दारात उभी आहे. १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित केला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित मात्र बाहेरच राहिले. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने त्यांची जात विसरली असे झाले नाही; पण कायद्याने ती विसरली. नोकरीतील आरक्षण, राखीव मतदारसंघ आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण या साऱ्यांना ते मुकले.

त्यांनी दार ठोठावले नाही असे नाही. मद्रासमधील एका ख्रिस्ती चर्मकाराला, तो ख्रिस्ती आहे म्हणून, शासकीय योजनेतील टपरी नाकारण्यात आली. त्याचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. धर्मांतरानंतरही जातीमुळे भोगावे लागणारे हाल तितकेच तीव्र राहतात याचा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणून १९८५ साली ते फेटाळले गेले. २००४ साली नवी याचिका दाखल झाली. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. त्याला दिलेली दोन वर्षांची मुदतही पुढे वाढवावी लागली.

महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात अशी अनेक ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांच्या शेजारच्या बौद्ध बांधवांचे उदाहरण त्यांच्यासमोर आहे. १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या समाजाला केंद्राच्या यादीत स्थान मिळायला चौतीस वर्षे लागली. त्या समाजाने मागणी सोडली नाही, हाच त्यातला धडा.

परंतु येथे थांबून आपण स्वतःलाच एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. दाखला ऐकताना आपण सारेच स्वतःला विधवेच्या जागी पाहतो. न्यायाधीशाच्या आसनावर आपणच बसलो आहोत असे कधी मनात येते का? तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथील एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता पाळली जाते याची स्पष्ट कबुली आहे. दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, हे २०२२ साली त्या पदावर पोहोचले. सरकारकडे समतेची मागणी करणाऱ्या आपल्या मुखाला बळ यायचे असेल, तर आपल्या घरातील लग्नाच्या बैठकीत, धर्मग्रामाच्या समितीत आणि दफनभूमीत ती समता आधी दिसावी लागेल. एरवी बाहेर आपण विधवा आणि घरात न्यायाधीश!

त्याच रविवारच्या पहिल्या वाचनात मोशे टेकडीवर हात उंचावून प्रार्थना करतो. त्याचे हात जड होतात, तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते सूर्यास्तापर्यंत सावरून धरतात. ख्रिस्तसभेने ही दोन वाचने एकत्र ठेवली आहेत, यात मोठा अर्थ आहे. दाखल्यातील विधवेच्या बाजूला कोणीच नव्हते. आज न्यायासाठी उभ्या असलेल्या आपल्या बांधवांच्या बाजूला आपण उभे राहू शकतो. येत्या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनेत त्यांचे स्मरण करावे आणि आपल्या धर्मग्रामातील एखाद्या निर्णयात जातीने डोके वर काढले आहे का, हे शांतपणे तपासावे. प्रभूच्या त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तेथूनच द्यायला सुरुवात करता येईल.