आधीं दुरुस्ती, मग सुधारणा

जुन्या वस्तूंची आवड ही चांगली गोष्ट आहे. परंतु तींत डोळसपणा नसेल, तर तिच्यापासून लाभापेक्षां हानीच अधिक होण्याचा संभव असतो. हा विचार आमच्या मनांत येण्यास एक मोटारगाडी कारण झाली. आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी इंग्लंडांत अभियंते आहेत. गेल्या नाताळांत ते भेटीस आले, तेव्हां त्यांनीं आपल्या जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या पुढील चाकांची हकीकत सांगितली. ती ऐकून आमचें जें मत बनलें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

त्यांची गाडी एम्. जी. बी. या नांवाची. इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत अशा पांच लाखांवर गाड्या तयार झाल्या. तिच्या पुढील चाकांची रचना मात्र याहून जुनी आहे. मॉरिस मायनर व मिनी या गाड्यांमुळें पुढें विख्यात झालेले अलेक इसिगोनिस यांची ती कल्पना. १९४७ सालच्या एका लहान एम्. जी. गाडींत ती प्रथम बाजारांत आली, आणि टी. डी. व एम्. जी. ए. या गाड्यांवाटे एम्. जी. बी. पर्यंत पोंचली. जी रचना ३३ वर्षें टिकली, तींत कांहीं तरी सत्त्व असलें पाहिजे, हें उघड आहे.

ही रचना समजण्यास कठीण नाहीं. प्रत्येक पुढील चाकाशीं एक उभी पोलादी खीळ असते. तिला किंगपिन म्हणतात. स्टिअरिंग फिरविलें म्हणजे चाक या खिळीभोंवतीं वळतें. खिळीचें खालचें टोंक एका लोखंडी बाहूस, व वरचें टोंक शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्याच बाहूस जोडलेलें असतें. खालच्या बाहूवर वेटोळ्याची मजबूत स्प्रिंग बसते व ती गाडीचा भार तोलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या पोटांत तेल असतें. खड्ड्यांतून जातांना स्प्रिंग उसळते, तेव्हां त्या तेलास अरुंद वाटेनें जावें लागतें व त्यामुळें उसळी शांत होते. जेथें धातूवर धातू फिरतो, तेथें अर्थातच वंगण हवें. आमच्याकडील जुना गाडीवान बैलगाडीच्या आंसास वंगण घातल्यावांचून लांबच्या वाटेस लागत नसे. एम्. जी. बी. च्या कर्त्यांनींही प्रत्येक बाजूस ग्रीस भरण्याचीं तीन तोंडें ठेवलीं, व दर ३,००० मैलांस तें काम करावें, असें सांगून ठेविलें.

आमच्या मित्रांनीं गाडी घेतली, तेव्हां तींत सुधारणा करण्याची त्यांना मोठी घाई झाली. गाडीची उंची कमी करणाऱ्या ताठ स्प्रिंगा, पॉलियुरेथेनचे कठीण बुश, वळणावर गाडी कलूं न देणारी जाड आडवी सळई, असें सर्व सामान आणून त्यांनीं एका सुट्टींत बसविलें. गाडी दिसण्यांत झोंकदार झाली खरी. पण वेग वाढतांच स्टिअरिंग हातांत थरथरूं लागलें. एके दिवशीं ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढली गेली व चरीच्या कांठावर जाऊन थांबली. शेजारीं त्यांची दहा वर्षांची कन्या बसली होती.

दुसऱ्या दिवशीं एका वृद्ध कारागिरानें चाक जॅकवर उचललें, व वर आणि खालीं हात धरून तें हालविलें. चाक खडखडलें. मग त्यानें आमच्या मित्रांस ब्रेक दाबून धरावयास सांगितलें. ब्रेक दाबला असतां चाकाच्या बेअरिंगचा सैलपणा जाणवत नाहीं. तरीही खडखड राहिली. तेव्हां दोष किंगपिनमध्यें आहे, हें सिद्ध झालें. वर्षानुवर्षें ग्रीस न मिळाल्यामुळें खीळ व तिचे बुश झिजून गेले होते. झिजलेल्या सांध्यांवर नव्या स्प्रिंगांचा साज चढविला गेला होता, इतकेंच!

खरी दुरुस्ती सावकाशीची होती. नवे बुश दाबून बसविल्यावर ते रीमरनें नेमक्या मापास आणावे लागतात. माप चुकलें तर खीळ एक तर अडते, नाहीं तर हालते. शिवाय दाबलेल्या स्प्रिंगेंत मोठा जोर सांठलेला असतो. खालच्या बाहूस भक्कम आधार न देतां तो सोडविणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय. म्हणून हें काम मुलांनीं जाणत्या माणसावांचून कधींही करूं नये.

जुन्यास मुळींच हात लावूं नये, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. १९७३ ते १९७६ या काळांत निघालेल्या एम्. जी. बी. जी. टी. व्ही-८ या गाडीस खालच्या बाहूसाठीं धातूच्या नळींत घट्ट बसविलेले रबरी बुश होते. पुष्कळ मालक आतां तेच साध्या एम्. जी. बी. स बसवितात. खर्च थोडा, आणि गाडी अधिक नेमकी चालते. ही सुधारणा आम्हांस मान्य आहे. उलट नवें तें सर्व चांगलें, असेंही नाहीं. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेंतील नियमांस अनुसरून खुद्द कारखान्यानें गाडीची उंची सुमारें दीड इंच वाढविली, आणि उघड्या गाडींतून ती आडवी सळई काढून टाकली. वळणावर गाडी अधिक कलूं लागली. शेवटीं १९७६ मध्यें पुढें व मागें अशा दोन्हीं ठिकाणीं सळया द्याव्या लागल्या. म्हणून नवें कीं जुनें, हा प्रश्नच खरा नव्हे. अमुक बदल कशासाठीं, याचें उत्तर देतां येतें कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

कोणी म्हणतील, जुन्या गाडीचा एवढा विचार कशास? त्यांस आमचें उत्तर असें: ब्रिटनमध्यें मे २०१८ पासून, मोठे फेरबदल न झालेल्या ४० वर्षांहून जुन्या मोटारींस वार्षिक तपासणीची सक्ती राहिलेली नाहीं. जेथें सरकारी तपासनीस नाहीं, तेथें मालकाची सदसद्विवेकबुद्धि हाच तपासनीस. आणि रस्त्यावर तो एकटा नसतो. त्याच्या शेजारीं मूल असतें, समोरून दुसऱ्याचें मूल येत असतें.

विद्यार्थिमित्रहो, अपूर्णांक कच्चे ठेवून बीजगणिताचीं जाड पुस्तकें विकत घेणारे तुमच्यांत कोणी नाहींत काय? आणि पालकहो, मुलास अडतें कोठें, हें न पाहतां त्याजवर शिकवणीमागून शिकवणी लादणारे आपल्यांत थोडे आहेत काय? चाक उचलून एकदां हालवून पाहावें. मग काय आणावयाचें तें ठरवावें.

आमच्या मित्रांची गाडी आतां सरळ चालते. कठीण बुश त्यांनीं काढून टाकले व व्ही-८ चे बसविले. मूळ भाग मात्र पेटींत जपून ठेविले आहेत. ग्रीस भरण्याचें काम त्यांची कन्या करते. तीं सहा तोंडें कोठें आहेत, हें ती न पाहतां सांगते.